सेल्फ लागत नाही तेव्हा



या रविवारी मी तुमच्याशी गाडीच्या बॅटरीविषयी बोलणार आहे. फादरांना आता गॅरेज काढायचे आहे की काय, असे काही जणांना वाटेल. तसे नाही. मला तुमच्यापुढे एक चूक कबूल करायची आहे आणि ती बॅटरीची गोष्ट सांगितल्याशिवाय कबूल करता येत नाही. ज्या घरात हे घडले त्या कुटुंबाला आणि त्या रात्री मदतीला धावून आलेल्या शेजाऱ्याला विचारूनच मी हे लिहितो आहे. दोघांनीही "लिहा फादर, खुशाल लिहा" असे सांगितले.

गेल्या महिन्यातली मंगळवारची रात्र. एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. चारेक किलोमीटरवर राहणारे आपले एक वयोवृद्ध धर्मग्रामस्थ शेवटच्या घटका मोजत होते. मुलगा म्हणाला, "फादर, बाबा शुद्धीवर आहेत. तुमचीच वाट बघतायत. त्यांना पापनिवेदन करायचं आहे." मी म्हणालो, "निघालोच." आजाऱ्यांचे पवित्र तेल घेतले, ख्रिस्तशरीराची डबी घेतली, गाडीत बसलो, चावी फिरवली. टक्-टक्-टक् असा आवाज आला आणि गाडी गप्प बसली.

पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच. समोरचे दिवे मात्र पेटत होते, थोडे मंद, पण पेटत होते. म्हणून मला वाटले, बॅटरी आहे, आणखी एकदा प्रयत्न करू. मी सेल्फ मारत राहिलो. पाच वेळा, दहा वेळा. शेवटी टक्-टक् आवाजही थांबला आणि दिवे पार विझत आले. घड्याळात दीड वाजला होता. वीस मिनिटे गेली होती.

आता खरी गोष्ट सांगतो. आपल्या आवाराच्या मागच्या बाजूला, अगदी भिंतीला लागून, एका बागायतदाराचे घर आहे. ते रोज रात्री भाजी आणि फुले घेऊन पिकअपने दादरच्या बाजारात जातात. त्यांच्या अंगणातला दिवा मला गाडीत बसल्या जागी दिसत होता. ते जागे आहेत, त्यांच्याकडे गाडी आहे आणि केबलही असणार, हे मला पहिल्याच मिनिटाला ठाऊक होते. तरी मी वीस मिनिटे त्यांचे दार ठोठावले नाही.

कारण तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. अकरा महिन्यांपूर्वी मी आवाराचे मागचे फाटक बंद केले. शाळेच्या मुलांच्या वाटेत गाड्या येऊ नयेत हा हेतू चांगला होता. पण त्यांचा वर्षानुवर्षांचा येण्याजाण्याचा रस्ता त्यामुळे बंद झाला. ते सभेत रागाने बोलले. मी त्याहून रागाने बोललो, तेही चारचौघांत, त्यांच्या मुलांदेखत. नियम माझ्या बाजूने असेल, पण जीभ माझ्या ताब्यात नव्हती. तेव्हापासून ते मिस्साला शेजारच्या धर्मग्रामात जात होते. रस्त्यात भेट झाली तर दोघेही दुसरीकडे बघायचो. अशा माणसाच्या दारात रात्री दीड वाजता हात पसरायचा? त्यापेक्षा सेल्फ मारत बसणे मला सोपे वाटले.

शेवटी गेलो. दार त्यांनीच उघडले. मी म्हणालो, "काका, गाडी चालू होत नाही. आजाऱ्याकडे जायचं आहे." ते एवढेच म्हणाले, "थांबा फादर, केबल घेतो. फाटकाची चावी आणा."

फाटकाची चावी! केबल जेमतेम दहा फुटांची असते. दोन गाड्या अगदी जवळ आणल्याशिवाय तिचा उपयोग नाही. आणि त्यांची गाडी माझ्या गाडीजवळ येण्याचा जवळचा रस्ता एकच होता, मी अकरा महिन्यांपूर्वी कुलूप लावलेला. चावी शोधून ते गंजलेले कुलूप मी माझ्याच हाताने उघडले.

पेटणारे दिवे, न फिरणारे इंजिन

बॅटरी का उतरली होती? रविवारी दुपारी संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेसाठी आणलेल्या तांदळाच्या गोणी मी डिकीतून काढल्या आणि डिकीचे झाकण नीट लागले नाही. आतला छोटा दिवा पेटत राहिला. पाच वॅटचा बल्ब. तो अर्धा अँपिअरदेखील वीज खात नाही. पण रविवार दुपारपासून मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत 55 तास तो पेटत होता. म्हणजे वीसेक अँपिअर-अवर वीज निघून गेली. आमच्या गाडीची बॅटरी नवी होती तेव्हा 35 अँपिअर-अवरची, आणि आता ती चार वर्षांची म्हातारी. मग राहिले काय? मोठी हेडलाइट चालू राहिली असती तर कोणीतरी येऊन सांगितले असते. बंद डिकीतला दिवा कोणाला दिसणार?

आपले आध्यात्मिक जीवनही बहुधा असेच रिकामे होते. मोठे पाप डोळ्यांत भरते, त्याची लाज वाटते, माणूस धावत पापनिवेदनाला येतो. पण आतल्या कप्प्यात कोणाविषयीची अढी रात्रंदिवस पेटत असते. ती कोणाला दिसत नाही, आपल्यालाही नाही. आणि तांदळाच्या गोणी उतरवताना, म्हणजे धर्मकार्य करतानाच, ते झाकण उघडे राहिलेले असू शकते.

आणखी एक गोष्ट मेकॅनिककडून शिकलो. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मोजली तर मीटरवर साधारण 12.6 आकडा दिसतो. जवळजवळ उतरलेली असली तरी आकडा 12च्या आसपासच असतो. फरक अर्ध्या व्होल्टचा. छोटे दिवे दोन्हींवर पेटतात. म्हणून मेकॅनिक नुसते मीटर पाहून समाधान मानत नाही. बॅटरीवर भार टाकून बघतो. सेल्फला इंजिन फिरवायला एका दमात शंभर-दोनशे अँपिअर लागतात. तेव्हा कळते बॅटरीत किती दम आहे ते.

बंधुभगिनींनो, नाताळचा गोठा आपण सुंदर करतो. सणाला दिवे लावतो. नोव्हेनाला गर्दी करतो. मीही रोज वेदीवर उभा राहतो, प्रवचन देतो. हे दिवे पेटतात म्हणून आपण समजतो की आत सगळे ठीक आहे. पण क्षमा करायची वेळ येते, वाकायची वेळ येते, नको असलेल्या माणसाच्या दारात जायची वेळ येते, तेव्हा भार पडतो. त्या रात्री माझ्यावर भार पडला आणि माझ्यातून फक्त टक्-टक् आवाज आला.

'सेल्फ' स्वतः फिरत नाही

गाडी चालू करणाऱ्या त्या भागाला आपण 'सेल्फ' म्हणतो. शब्दाचा अर्थ 'स्वतः'. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसवला गेला. त्याआधी पुढून हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. हँडल उलटे आले की मनगट मोडायचे. सेल्फ आला आणि वाटू लागले की गाडी आता आपोआप चालू होते. पण नाव काहीही असो, सेल्फ स्वतःहून फिरत नाही. त्याला बॅटरी फिरवते. आणि बॅटरीला तरी स्वतःची वीज कुठे असते? ती इंजिनवरच्या अल्टरनेटरने भरलेली असते. बॅटरी रिकामी झाली की ती स्वतःला भरू शकत नाही. वीज बाहेरूनच यावी लागते.

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा युक्तिवाद आम्ही घोकला होता. जे हलते ते दुसऱ्या कशाने तरी हलवलेले असते. लाकडात गरम होण्याची शक्यता आहे, पण ते स्वतःला गरम करीत नाही. त्याला आधीच गरम असलेला अग्नी लागतो. परीक्षेत मी हे उत्तर छान लिहिले होते, गुणही चांगले मिळाले होते. पण ते खरोखर समजले त्या रात्री, बंद गाडीच्या स्टिअरिंगमागे.

ख्रिस्तसभेने हाच धडा फार पूर्वी दिला आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा शिक्षक सांगत असे की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो. संत ऑगस्टिन यांनी त्याला विरोध केला. पुढे काही जण म्हणू लागले की बरे, कृपा हवीच, पण पहिले पाऊल तरी माणूस आपल्या बळावर टाकतो. इसवी सन 529 मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज येथील धर्मसभेने तेही नाकारले. श्रद्धेची पहिली हालचालसुद्धा देवाच्या कृपेनेच होते, असे तिने सांगितले. ज्याची बॅटरी उतरली आहे त्याने जितक्या वेळा सेल्फ मारावा तितकी उरलेली वीजही जाते. "मी माझं बघून घेईन" असे म्हणत आपण हेच करतो. दारू सोडायची आहे, पण कोणाला सांगायचे नाही. संसार मोडत आला आहे, पण समुपदेशकाकडे जायचे नाही. वर्षानुवर्षे पापनिवेदन केलेले नाही, पण "आधी स्वतःला सुधारतो, मग येतो." सेल्फ मारत राहतो आणि दिवे विझत जातात.

शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षे पडून असलेला माणूस आठवा (योहान, अध्याय 5). त्याचे दुखणे काय होते? शरीर लुळे होते हे खरेच, पण प्रभूला त्याने सांगितले ते हे की मला पाण्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही. आणि मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती? त्याला चौघांनी उचलून आणले, छप्पर उघडून खाली सोडले. प्रभूने त्या आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. कृपा देवाची, पण ती बहुतेक वेळा माणसांच्या हातांतून येते. कधी कधी ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्या हातांतून.

शेवटचा चिमटा

काकांनी गाडी जवळ आणली. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढे अंतर ठेवले आणि दोन्ही बंद केल्या. मी केबल घेऊन पुढे झालो तर म्हणाले, "थांबा फादर, घाई नको. आधी लाल. तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग माझ्या प्लसला. आता काळी. माझ्या मायनसला." मी काळ्या केबलचे दुसरे टोक माझ्या बॅटरीला लावायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. "तिथे नाही. इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब."

का? शेवटचा चिमटा लागतो तेव्हा ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी तिथेच पडली तर बॅटरी फुटू शकते, आतले आम्ल डोळ्यांत जाऊ शकते. म्हणून शेवटची जोडणी दुबळ्या बॅटरीवर करायची नाही, जरा लांब करायची.

मग त्यांनी आपली गाडी चालू केली, चार-पाच मिनिटे तशीच ठेवली आणि म्हणाले, "आता मारा सेल्फ." एका दमात इंजिन लागले. केबल उलट्या क्रमाने काढली.

या सर्व वेळात त्यांनी फाटकाचा विषय काढला नाही. कुलूप उघडताना माझे हात थरथरत होते, तेव्हाही नाही. एखादा शब्द बोलले असते तर त्यांचा हक्क होता. पण दुखऱ्या जागी ठिणगी पाडायची नसते हे त्या माणसाला केबल लावण्याआधीपासून माहीत असावे. मी किती प्रवचने दिली आहेत! कोणी वर्षांनी मिस्साला आला की, "अरे वा, आज वाट चुकलास की काय?" असे आपण दारातच म्हणतो. लग्न मोडून मुलगी माहेरी आली की पहिला प्रश्न तोच विचारतो. पडलेल्याला उभे करायचे असेल तर चिमटा त्याच्या जखमेला लावू नये. त्याच्या आत जे मजबूत लोखंड अजून आहे, तिथे लावावा.

इंजिन बंद करू नका

मी निघताना काका म्हणाले, "पोचलात की गाडी बंद करू नका हां. बंद केलीत तर पुन्हा लागणार नाही." मी दोन वाजता पोचलो. गाडी अंगणात चालूच ठेवली, नातवाला तिच्यात बसवले.

घरात गेलो. मुलगा म्हणाला, "फादर, दहा मिनिटांपूर्वी बाबा विचारत होते, फादर आले का म्हणून. आता बोलत नाहीत."

मी त्यांना पापक्षमा दिली, रुग्णाभ्यंग संस्कार दिला. पण त्यांचे पापनिवेदन मी ऐकू शकलो नाही आणि शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर त्यांच्या मुखात देऊ शकलो नाही. त्यांना गिळता येत नव्हते. पहाटे पाचच्या सुमारास ते प्रभूकडे गेले. बेशुद्ध माणसालाही हे संस्कार देता येतात आणि देवाची दया माझ्या गाडीवर अवलंबून नाही, असे मी कुटुंबाला सांगितले. ते सत्य आहे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती वीस मिनिटे माझी होती. बॅटरी उतरली हा अपघात होता. दार न ठोठावणे हा अपघात नव्हता.

काकांचे शेवटचे वाक्य मात्र मनातून जात नाही. दुसऱ्याच्या बॅटरीने गाडी फक्त चालू होते. ती केबल आपण बरोबर नेत नाही. त्यानंतर आपलेच इंजिन चालत राहिले पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी भरतो. त्यासाठी निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी लागते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तेवढ्यानेही भरत नाही, तिला चार्जरवर ठेवावे लागते. नुसती नाक्यापर्यंत नेऊन आणली तर सेल्फ जेवढे खातो तेवढेही परत मिळत नाही. दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या कुमारिकांनी तेल का दिले नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. आता थोडे उमगते. दुसऱ्याने आपल्याला चालू करून देता येते. आपल्या वतीने आयुष्यभर पेटत राहणे कोणालाच जमत नाही. तपसाधनेच्या रिट्रीटमध्ये आपण पेटतो, चांगल्या पापनिवेदनानंतर मन हलके होते. पण घरी येऊन इंजिन बंद केले, रोजची प्रार्थना नाही, रविवारचा मिस्सा नाही, गरिबाची विचारपूस नाही, तर सकाळी पुन्हा टक्-टक्.

आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहू देऊ नये. आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर क्षार बसतात आणि दिवस जातील तसे ते कठीण होतात. मग कितीही चार्ज करा, बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. संत पौलाने इफिसकरांना लिहिताना रागाला सूर्यास्तापर्यंतचीच मुदत दिली आहे. मी माझ्या रागाला अकरा महिने दिले.

त्या आठवड्याच्या शनिवारी मी काकांच्या घरी गेलो आणि त्यांच्या मुलांदेखत क्षमा मागितली. वेदीवर अर्पण ठेवायच्या आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा मी तुम्हाला कितीदा तरी शिकवली आहे. काकांनी चहा दिला आणि म्हणाले, "फादर, मीही कमी बोललो नव्हतो." मागचे फाटक आता रोज रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत उघडे राहील, शाळेच्या वेळात बंद. एक चावी त्यांच्याकडे आहे. गेल्या रविवारी ते सकुटुंब आपल्या देवळात मिस्साला आले होते.

जाता जाता तीन गोष्टी. एक, रात्री-अपरात्री आजाऱ्यासाठी बोलवायला संकोच करू नका, आणि आजारी माणूस बोलता-चालता असतानाच बोलवा. दोन, धर्मग्रामाच्या कार्यालयात आता केबल ठेवली आहे. कोणालाही लागली तर न्या. तुमची बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर मात्र केबल लावू नका, आणि मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची वीज आपल्या गाडीला जोडू नका. तीन, या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला विचारावे, कोणाच्या अंगणातला दिवा मला इथून दिसतो आहे आणि तरी मी त्या दारात जात नाही? नाव आठवले तर वीस मिनिटे थांबू नका. पलीकडे कोणीतरी "आले का?" म्हणून विचारत असेल.

प्रभू येशू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू